ओव्हरक्लॉक केलेला पीसी नुसता बसलेला असताना रीस्टार्ट होतोय? व्होल्टेजच्या या चुका टाळा

मे महिन्यात कोथरूडहून भाच्याचा फोन आला. त्याचा पीसी ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर चालवलेला. "मामा, गेम चार-चार तास नीट चालतो. पण मी चहाला उठलो की परत येईपर्यंत पीसी रीस्टार्ट झालेला असतो!" घरात सगळ्यांचा संशय लाईटवर. पुण्यात देखभालीसाठी लाईट जाते ती बहुतेक गुरुवारी. हा प्रकार मात्र रविवारीही होत होता, आणि त्याच स्विचबोर्डावरचा राउटर एकदाही बंद पडला नव्हता. म्हणजे दोष आतच होता.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद होती. ती पाहून बरेच जण थेट नवा पॉवर सप्लाय आणायला तापकीर गल्लीचा बाजार गाठतात. घाई करू नका. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ती नोंद सांगते. तिच्या आसपास 'व्हिआ-लॉगर १८' ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद दिसते का ते शोधा. भाच्याकडे ती चार वेळा होती आणि चारही वेळा एपिक आयडी (थ्रेडचा क्रमांक) ६. प्रोसेसरमध्ये काम करणारे अनेक कोर असतात; एका कोरचे दोन थ्रेड (कामाच्या धारा) धरले तर हा शून्यापासून मोजलेला तिसरा कोर. दरवेळी एकच कोर अडखळत असेल, तर व्होल्टेज कमी पडतंय असं मी धरून चालतो.

कारण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सापडलं. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोरचं व्होल्टेज पायऱ्यांनी बदलणारी सेटिंग) त्याने सगळ्या कोरना सरसकट उणे ३० दिलं होतं. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास १०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त कपात. सगळे कोर राबत असतात तेव्हा क्लॉक (कोरचा वेग) थोडा खाली असतो, तिथे ही कपात निभावते. मशीन शांत असताना मात्र एखादं बारीकसं काम एकाच कोरला जागं करतं, तो क्षणभर थेट सर्वोच्च क्लॉकवर उडी मारतो आणि नेमकं तिथेच व्होल्टेज तोकडं पडतं. म्हणून सगळ्या कोरवर रात्रभर चालवलेली स्ट्रेस टेस्ट पास झाली, तरी ओव्हरक्लॉक स्थिर आहे असं म्हणता येत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. कोरसायकलरसारख्या मोफत साधनाने एकेक कोर वेगळा तपासा आणि एक रात्र मशीन काहीही न करता चालू ठेवा.

इंटेलच्या प्रोसेसरवर उणे ऑफसेट देणाऱ्यांचंही, म्हणजे व्होल्टेज सरसकट ठरावीक आकड्याने कमी करणाऱ्यांचंही, असंच होतं. भाराखाली चाललेली कपात नुसत्या बसलेल्या मशीनच्या कमी व्होल्टेजला झेपेलच असं नाही.

मग लोक दुसरं टोक गाठतात: व्होल्टेज फिक्स, सी-स्टेट (कोरच्या झोपेच्या पायऱ्या) सगळ्या बंद, विंडोजचा पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'. क्रॅश थांबतो, पण खर्च पाहा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टचं १.३५ केलं तर त्याच क्लॉकला सुमारे २७ टक्के जास्त उष्णता, आणि सी-६ ही खोल झोपेची पायरी बंद असेल तर नुसत्या बसलेल्या कोरचीही वीज तुटत नाही. मे महिन्यात पुण्यातल्या खोलीत कूलरला मिळणारी हवाच तापलेली असते, त्यात ही भर कशाला? सी-६ बंद करून बघायला हरकत नाही, पण तेवढ्यापुरतंच. क्रॅश थांबला तर चूक कुठे आहे ते कळलं. मग व्होल्टेज सुधारा आणि सी-६ परत चालू करा. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) सर्वांत वरच्या पातळीवर नेऊ नका. भार येताच व्होल्टेज थोडं खाली येणं ही मुद्दाम केलेली रचना आहे. ती पूर्ण मोडली तर भार सुटताना व्होल्टेज उसळी घेतं, आणि ती उसळी इतकी क्षणिक असते की एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोजमाप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. मधली पातळी पुरते.

पॉवर सप्लाय फार जुना असेल तर मात्र त्याच्यावर संशय घ्या. इंटेलच्या २०१३च्या हॅसवेल पिढीपासून प्रोसेसर खोल झोपेत १२ व्होल्टच्या लाइनवर अवघा ०.०५ अँपिअर घेऊ शकतो, आणि इतका हलका भार जुन्या सप्लायला सांभाळता येत नाही. रायझेनच्या बऱ्याच मदरबोर्डांवर त्यासाठी 'टिपिकल करंट आयडल' हा पर्याय असतो.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर काहीही करण्याआधी बायोस अपडेट करा. ऑगस्ट २०२४च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (बायोससोबत येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. जास्त व्होल्टेजने झिजलेली चिप मात्र अपडेटने बरी होत नाही.

भाच्याच्या मशीनवर तिसरा कोर उणे १० आणि बाकीचे उणे २० केले. सी-६ चालूच ठेवलं. रात्री मशीन तसंच सोडलं, सकाळी सहाला त्याचा मेसेज आला: "मामा, लॉग कोरा आहे." आकडे वहीत लिहून ठेव म्हटलं, कारण बायोस अपडेट केला की या सेटिंग्ज बहुतेक वेळा पुसल्या जातात.