चक्कर आणि सुया: ॲक्युपंक्चरला जाण्याआधी या चुका टाळा

"माले चक्कर ई ऱ्हायनी" असं आमच्या खानदेशात कोणी म्हटलं, की त्याचे तीन-चार अर्थ निघतात. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना केळीच्या बागेतून आलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, ती अंगातलं पाणी कमी झाल्याने. खाटेवरून उठताच झोक जातो, तो कधी बीपीच्या गोळीमुळे. आणि पंखा, भिंती, खाट सगळंच गरगरा फिरू लागतं, ती खरी भोवळ, म्हणजे व्हर्टिगो. सुया टोचून घ्यायला गेलेला माणूस यातलं काहीच सांगत नाही. "चक्कर येते" म्हणतो आणि बाही वर करतो.

आमच्या घरी हेच झालं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवड्यात आईला उजव्या कुशीवर वळलं की घर फिरायचं, अर्धा मिनिट, की पुन्हा सगळं स्थिर. "झोक्यावर न बसताच झोका," ती म्हणायची. मी तिला एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे नेलं. आठ बैठका झाल्या. कोणत्या कुशीवर, किती वेळ, कानात आवाज येतो का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोष निम्मा माझा.

नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिचं डोकं एका बाजूला वळवून तिला झटकन आडवं केलं आणि डोळ्यांच्या बुबुळांकडे पाहिलं. बुबुळं थरथरत होती. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते. मान ठरावीक क्रमाने वळवत ते कण परत बाहेर काढतात. एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध केली. काम दहा मिनिटांचं. आईला दोनदा करावं लागलं. या प्रकारात सुई कितीही नेमकी टोचली तरी ते कण हलवायचं तिचं कामच नाही.

मग सुया फुकट? तसंही नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधोमध नैगुआन नावाचा बिंदू असतो. मळमळीवर त्याचा उपयोग बऱ्यापैकी तपासला गेलाय, मुख्यतः ऑपरेशननंतरच्या मळमळीत. खुद्द भोवळीवरचे पुरावे मात्र तोकडे आहेत. शिवाय कण सरकल्याची भोवळ बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जो कोणी उपचार करत असेल, श्रेय त्याच्या पदरात पडतं.

चिनी वैद्यकात या तक्रारीला शुआन-युन म्हणतात. शुआन म्हणजे डोळ्यांपुढे धूसर होणं, युन म्हणजे गरगरणं. जाणता वैद्य नाडी आणि जीभ बघून ठरवतो, की यकृताचं यांग (उष्ण शक्ती) वर चढलंय, कफ-ओलावा साचलाय, की रक्त आणि 'ची' (प्राणशक्ती) कमी पडलीय. कफ असेल तर नडगीच्या बाजूचा फेंगलोंग बिंदू, यकृत असेल तर पावलावर अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधला ताइचोंग. आलेल्या प्रत्येकाला त्याच पाच सुया टोचणारा माणूस चिनी वैद्यकही करत नाही. (आणि "यकृत" शब्द ऐकून सोनोग्राफीला धावू नका. त्या वैद्यकातलं यकृत वेगळं.)

सुयांबाबत दोन ठिकाणी जागरूक राहा. मानेच्या मागे, कवटीच्या खालचा फेंगची बिंदू भोवळीत हमखास वापरतात. तिथे खोली आणि दिशा चुकली तर आत मेंदूचा देठ आणि मोठी रक्तवाहिनी आहे. खांद्यावरच्या जिआनजिंगखाली फुप्फुसाचा शेंडा. म्हणून महाराष्ट्राच्या ॲक्युपंक्चर परिषदेची नोंदणी विचारायला लाजू नका. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर आधी सांगा. सुयांना वीज जोडायचं यंत्र पेसमेकरवाल्याने घेऊच नये.

चतुर्थीचा उपवास धरून जाऊ नका. रिकाम्या पोटी सुईने घेरी येऊन पडणारे लोक आहेत. आडवं राहूनच सुया घ्या, आणि परतताना मोटरसायकल दुसऱ्याने चालवावी.

काढे-पावडरी: ऑनलाइन मागवलेली "चायनीज हर्बल" पुडी मला सुयांपेक्षा जास्त धोकादायक वाटते. भोवळीच्या चिनी काढ्यात तिआनमा नावाच्या ऑर्किडचा कंद आणि बानशिआ हा कंद असतो. बानशिआ कच्चा असेल तर विषारी. काही चिनी वनस्पतींतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं कायमची गेल्याच्या नोंदी आहेत. मळमळीला आलं घ्या. तेही त्याच वैद्यकातलं औषध आहे आणि आपल्या स्वयंपाकघरात आहे. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

कानात दडा, घंटी वाजल्यासारखा आवाज आणि तासन्‌तास भोवळ असेल तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. त्यात मीठ कमी करायला सांगतात, म्हणजे पापड-लोणची आणि शेवभाजीतली शेवही.

काही वेळा मात्र सुईचा विचारच नको. एकाएकी बोबडं बोलणं, तोंड वाकडं होणं, दोन-दोन दिसणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, धरूनही उभं न राहता येणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं: यातलं एकही असेल तर 108 ला फोन करा. हा मेंदूचा झटका असू शकतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून जळगाव-धुळ्याला पोचायला किती वेळ जातो, ते तिथल्यांना सांगायला नको.

आई आता कॅलेंडरच्या चौकटीत भोवळ आली त्या दिवशी कूस, मिनिटं आणि त्या दिवशी खाल्लेली गोळी लिहून ठेवते. पुढच्या वेळी ते पान फाडून सोबत न्यायचं ठरलंय.