बंदिस्त फॅमिली कोस्टरचा अंदाज कसा बांधावा

एखादं पार्क इमारतीच्या आत नवी रोलर कोस्टर आणणार असेल, तर ती कशी असेल हे ओळखायची सुरुवात टीझरपासून, म्हणजे पार्कच्या त्रोटक जाहिरातीपासून नको, इमारतीपासून करा. छत बुटकं असेल तर गाडीला साखळीने वर ओढणाऱ्या मोठ्या चढाला वाव नसतो. गाडीला मोटरचा झटका, म्हणजे लाँच, मिळेल असं धरा. व्हर्जिनियातल्या बुश गार्डन्स विल्यम्सबर्गचा डार्कोस्टर (२०२३) बघा: डार्ककॅसल या बंद पडलेल्या राइडच्या इमारतीत इंटामिन या राइड बनवणाऱ्या कंपनीने तो बसवला, आणि एका फेरीत चार लाँच मिळतात. गाडी त्याच रुळावरून दोनदा धावते, म्हणून आटोपशीर जागेतही फेरी लांबते. काळोखात वळणं ओळखू येत नाहीत, ही युक्ती सुरेखच!

मग बांधकाम परवान्याचे नकाशे काढा. रुळाच्या खांबांच्या पायांच्या जागा कागदावर टिंबांनी मांडून जोडल्या की रुळाची वाट ढोबळमानाने दिसते. मात्र ट्रेडमार्कच्या नावावर विसंबू नका. पार्क अनेक नावं नोंदवून ठेवतात, वापरतात एखादंच.