हाय फाइव्ह या किटकपेशींत रिसेप्टर बनवताना: आधी ट्रिस, मग कॉलम

एक लिटर माध्यमामागे 50 मिली 1 मोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), पीएच 8. आज बनवून बाटलीवर नाव घाला. गेल्या वेळी हेच राहिलं आणि सगळं प्रथिन निकेल कॉलममधून (प्रथिन धरून वेगळं करणारी नळी) सरळ वाहून गेलं.

रिसेप्टर मास्ट पेशींवरचा (ॲलर्जीतल्या प्रतिकारपेशी), आयजीई प्रतिपिंड धरणारा एफसी-एप्सिलॉन-आरआय. त्याच्या अल्फा साखळीचा फक्त पेशीबाहेरचा भाग घ्यायचा, पुढे सिग्नल पेप्टाइड (प्रथिन पेशीबाहेर पाठवणारा तुकडा), मागे हिस-टॅग (निकेलला धरणारी हिस्टिडीनची शेपटी). बॅकमिडच्या (विषाणूचा जीनोम वाहणाऱ्या जिवाणूंच्या) प्लेटा 48 तास ठेवा. पांढरी (म्हणजे जनुक बसलेली) समजून घाईत उचललेली कॉलनी नंतर निळी निघते, म्हणून पुन्हा रेघून खात्री करा.

विषाणू एसएफ9 या दुसऱ्या किटकपेशींत वाढवायचा, प्रथिन हाय फाइव्हमध्ये. 27 अंश, कार्बन डायऑक्साइड नको. जिवंत पेशी 95 टक्क्यांच्या खाली असतील तर संसर्ग करूच नका. विषाणूचा साठा 4 अंशांवर, फॉइल गुंडाळून, अंधारात. पुनःपुन्हा वाढवत नेलेल्या साठ्यात अपुऱ्या जीनोमचे विषाणू माजतात आणि उत्पादन घसरतं. तेव्हा पी2 (दुसऱ्या फेरीत वाढवलेला साठा) जपून वापरा.

आणि ट्रिस! किटकपेशींचं माध्यम पीएच 6.2 च्या आसपास असतं. तिथे हिस्टिडीनवर प्रोटॉन बसलेला, निकेलला धरणार कसा? वर माध्यमातले घटक रेझिनवरचं निकेलच ओढून नेतात. निळा कॉलम पांढरा पडला की समजायचं. म्हणून 48 ते 72 तासांनी पेशी सेंट्रिफ्यूजने काढा. मग ट्रिस, 5 मिली 1 मोलर कॅल्शियम क्लोराइड, 1 मिली 1 मोलर निकेल क्लोराइड. अर्धा तास ढवळा. गढूळ होईल, व्हायलाच हवं. पुन्हा सेंट्रिफ्यूज, 0.22 मायक्रॉन फिल्टर. मगच कॉलम. निकेल विषारी आहे, हातमोजे घाला, सिंकमध्ये ओतू नका.

प्रोटिएझ (प्रथिन तोडणारी एन्झाइमं) रोधकाच्या गोळ्या ईडीटीएविना (ते निकेल ओढून घेतं) आणा, नाहीतर ट्रिस घालूनही तोच कॉलम पांढरा. वाहून आलेलं माध्यम जेल बघेपर्यंत फेकू नका.

अल्फा साखळीवर साखरेच्या सात जागा आहेत, त्यामुळे जेलवर पट्टा पसरट दिसेल, घाबरू नका. साखर काढायला पीएनजीएझ एफ या एन्झाइमवर विसंबू नका, हाय फाइव्हचा अल्फा-1,3 फ्यूकोज त्याला अडवतो.

पुढे इमिडॅझोल (प्रथिन कॉलमवरून सोडवायला), जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार वेगळं करायला), आयजीई चाचणी. ते नेहमीचंच. ट्रिस बनवला का?