इंदूर ते पुणे किती लांब? अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

आतेबहिणीचा साखरपुडा कोथरूडला, मुहूर्त सकाळी 10:10चा. सुदामानगरातल्या आमच्या घरी बाबा म्हणाले, "सव्वा तासाचं तर विमान आहे, 8चं पुरे." विमान वेळेत सुटलं, 9:15ला पुण्यात टेकलंही. पण साडी-नारळाची बॅग पट्ट्यावर येईपर्यंत 9:40 झाले, आणि लोहगावहून कोथरूड म्हणजे पुणं आडवं ओलांडायचं. पोहोचलो तेव्हा ओटी भरून झाली होती, ती दुसऱ्याच साडीने. आत्याचा चेहरा मला अजून आठवतो.

चूक एकच होती: विमानाची वेळ म्हणजे प्रवासाची वेळ असं धरणं. हिशेब उलटा, मुहूर्तापासून मागे करायचा. शहरातला दीड तास, बॅगेचा अर्धा, विमानाचा सव्वा. देशांतर्गत विमानाचे काउंटर बहुधा सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतात, म्हणून बॅग द्यायची असेल तर दीड-दोन तास आधी विमानतळावर असावं. घरून निघण्याचा वेळ वेगळा. सगळं मिळून घर ते घर साडेपाच तास धरा. मंगलकार्य असेल तर आदल्या दिवशीच जा.

दुसरी गफलत अंतराची. इंदूर-पुणे हवाई अंतर साधारण 500 किलोमीटर. खलघाटला नर्मदा ओलांडून सेंधवा, धुळे करत गाडीने गेलात तर 600च्या घरात. रेल्वेला मात्र रतलाम, वडोदरा, सुरत असा मोठा वळसा पडतो, कारण इंदूरहून सरळ दक्षिणेला मनमाडला जोडणारा मार्गच नाही. त्या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024मध्ये मंजुरी दिली. आपल्याकडच्या किती घरांची माणसं खानदेशात, नाशकात आहेत! हा मार्ग लवकर व्हावा असं मनापासून वाटतं. तोवर नकाशावरचं हवाई अंतर बघून रेल्वेचा अंदाज बांधू नका.

काहीजण 500ला विमानाच्या ताशी 800 वेगाने भागतात आणि 38 मिनिटं काढतात. पण तो वेग उंचीवर गेल्यावरचा. छोट्या पल्ल्यात बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, धावपट्टीकडे जाणं त्यातच आलं. पंख्याचं एटीआर विमान असेल तर वेग ताशी 500च्या आसपास, म्हणून त्याच मार्गाला जास्त वेळ लागतो. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघा.

मुंबईला जाणाऱ्यांनी विमानतळाचं नाव नीट वाचावं. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. ठाकुर्लीच्या मावशीकडे जायचं की पार्ल्याच्या काकांकडे, त्यावर पुढचे एक-दोन तास ठरतात.

मुलं शारजा-दुबईला असतील तर आणखी एक. तिकिटावर सुटण्याची वेळ इथली आणि उतरण्याची तिथली असते. तिथलं घड्याळ आपल्यामागे दीड तास. नुसती वजाबाकी केली तर जाताना प्रवास दीड तासाने लहान दिसतो, येताना तेवढाच लांब. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे जाताना खरोखरच थोडा जास्त वेळ लागतो. न्यायला येणाऱ्याला निरोप देताना "तिथल्या घड्याळाप्रमाणे" हे शब्द जोडून वेळ कळवा.