उन्हाळ्यात चेनसॉ रुसला? स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेवा

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरला आंधी आली की लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या आवारात कडुनिंबाची नाहीतर शिसवाची एखादी फांदी आडवी होतेच. ज्याच्याकडे चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, असतो त्याला लगेच बोलावणं येतं. आणि थंडीत दोन झटक्यांत सुरू होणारं मशीन नेमकं 44-45 अंशांच्या दुपारी दम तोडतं.

अशा वेळी सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू पिळणं. तापलेली हवा विरळ असते. 25 अंशांच्या मानाने 45 अंशांची हवा साधारण 6 टक्के हलकी भरते. पेट्रोल मात्र तेवढंच येतं. म्हणून दुपारी इंजिन जड चालतं, थोडा जास्त धूर सोडतं. माणूस ‘एच’ (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतो आणि मशीन खुलतं. पण त्याच सेटिंगवर पहाटेच्या गारव्यात किंवा डिसेंबरात काम केलं, की पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे तेलही कमी आणि उष्णता मात्र जास्त. पिस्टनवर ओरखडे येतात, मग इंजिन जाम होतं, आणि खर्च सिलिंडरपर्यंत जातो.

कान लावून ऐका. लाकडाबाहेर फुल रेस दिल्यावर आवाज किंचित फुटका, फडफडता यावा आणि बार (साखळी फिरते ती पट्टी) लाकडात शिरताच तो साफ व्हावा, हे चांगलं लक्षण. लाकडाबाहेरच चिरका, सलग किंचाळणारा आवाज आला तर हौसेने ऐकत बसू नका, मशीन बंद करा. सेटिंग करायचंच असेल, तर आरपीएम मोजायचं मीटर असलेल्या मिस्त्रीकडून पुस्तिकेतल्या आकड्यावर करून घ्या.

स्क्रूच्या आधी पाहायचं ते हे, की मशीन बंद पडतं कधी?

चहाला थांबलात, परत आलात आणि सुरूच होत नाही, असं असेल तर ते बहुधा वाफेचं दुखणं. पेट्रोलमधले हलके घटक चाळीसेक अंशांतच उकळू लागतात. इंजिन थांबलं की पंख्याची हवाही थांबते, सिलिंडरची धग कार्बोरेटरकडे सरकते आणि नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. इथे चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी झडप) ओढला की प्लग ओला होतो आणि दुखणं वाढतं. चोक न लावता, अर्ध्या रेसवर दोरी ओढा. पर्जचा (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओढून घेणारा) रबरी फुगा असेल तर आधी चार-पाच वेळा दाबा. यापुढे बंद करण्याआधी थोडा वेळ आयडलवर, म्हणजे मंद रेसवर, चालू द्या आणि मशीन सावलीत ठेवा.

चालता चालता मरत असेल तर दोन संशयित. एक, पेट्रोलच्या टाकीचं हवेचं छिद्र बुजलेलं असतं. मशीन निवल्यावर झाकण हळूच सैल करा. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर दोष तिथेच. दुसरी, प्लगला ठिणगीची वीज देणारी इग्निशन कॉइल. काही कॉइल्स गरम झाल्या की ठिणगी सोडत नाहीत, गार झाल्या की पुन्हा देतात, म्हणून मिस्त्रीच्या टेबलावर मशीन शहाण्यासारखं चालतं! तपासणी बंद पडल्यापडल्याच करा: मूळ प्लग जागेवर राहू द्या, वायरीच्या टोपीत दुसरा प्लग बसवा, त्याचं लोखंड सिलिंडरला टेकवून दोरी ओढा आणि ठिणगी पडते का ते बघा. सांडलेलं पेट्रोल जवळ नको.

ट्रिगर सोडल्यावरही रेस खाली येत नसेल, तर बहुधा इंजिनच्या सीलमधून किंवा इनटेकमधून (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या वाटेतून) बाहेरची हवा शिरते आहे. तसंच काम रेटू नका.

आंधीची बारीक धूळ आमच्याकडे एअर फिल्टर झटपट भरते, हे वेगळं सांगायला नको. पण स्टार्टरची जाळी आणि कव्हरखालच्या सिलिंडरच्या पात्या कुणी पाहत नाही. तिथे तेलकट भुसा थापलेला असला तर इंजिन गार होणार तरी कसं? काही मॉडेल्समध्ये कार्बोरेटरकडे गरम हवा वळवणारी हिवाळी झडप असते. ती उन्हाळ्याच्या बाजूला आहे ना, तेही बघा. आणि साखळी बोथट असेल, लाकडाचे तुकडे न पडता पीठ पडत असेल, तर गोल कानस घ्या. जोर लावून इंजिन तापवू नका.

इंधनाचं थोडक्यात. पुस्तिकेत पेट्रोल-तेलाचं प्रमाण 50:1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल, 25:1 असेल तर 40. ‘उन्हाळा आहे’ म्हणून अंदाजे जास्त तेल ओतू नका. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच मशीन्सची मर्यादा 10 टक्के असते. आपली पुस्तिका वाचा. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून मिश्रण गरजेपुरतंच करा आणि काम संपलं की टाकी रिकामी करा.

टाकी तापलेली असताना झाकण कधीही झटक्यात उघडू नका. आतल्या दाबाने पेट्रोलचा फवारा थेट गरम सायलेन्सरवर आणि अंगावर उडतो. निवू द्या, मग सावकाश उघडा, आणि इंधन भरल्या जागेपासून निदान 3 मीटर लांब जाऊन दोरी ओढा.