उल्हास नदीजवळ घर घेताय? आधी पुराची उंची मोजा

मी ठाण्यात चरईत राहतो. सर्व्हेअर होतो, नोकरीभर लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) घेऊन जमिनीचे चढउतार मोजले. निवृत्त झाल्यापासून भाचे-पुतणे बदलापूर-कल्याणकडे फ्लॅट बघायला निघाले की मला बरोबर नेतात. ठाण्याचे भाव ऐकले की माणूस आपसूक कर्जत लोकलमध्ये बसतो, त्यात त्यांची चूक नाही. त्यांचा प्रश्न मात्र ठरलेला: "मामा, इथे पाणी येतं का?"

या प्रश्नाने काही हाती लागत नाही. बिल्डर 'नाही' म्हणतो, टपरीवाला 'येतं' म्हणतो, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. विचारायचं ते असं: २००५ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? २०१९ला? २०२१ला? वर्ष घेऊन विचारलं की माणसाला आठवतं, आणि आठवलं की तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

हे विचारायला नवी इमारत सोडा आणि जवळचं जुनं घर गाठा. बदलापुरात हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या बाजूला अशी घरं मिळतात. पुरुष मंडळी जरा फुगवून सांगतात, असा माझा अनुभव. घरातल्या बाईला विचारा, तांदळाचा डबा कुठल्या फळीवरचा वाचला. ती फळी अचूक दाखवते. शिवाय नुसते डोळे उघडे ठेवले तरी कळतं: तळमजल्यावरचा विजेचा मीटर छातीऐवजी डोक्याच्या वर का बसवलाय? सोसायटीच्या पंपाला दोन पायऱ्या चढून का जावं लागतं? कोणी हौसेने तसं करत नाही.

आता ती खूण आपल्या इमारतीपर्यंत न्यायची. यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, दहा-पंधरा मीटर. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा राहिला तरी सगळं माप फसतं. एकाने नळीतलं पाणी पुराच्या खुणेला लावून धरायचं, दुसऱ्याने पुढच्या विजेच्या खांबाशी उभं राहायचं. पाणी स्थिर झालं की खांबावर खडूची रेघ. मग दोघांनी दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबून पुढे सरकायचं, नव्या रेघेपासून पुढच्या खांबाला. रेघ फार उंच जायला लागली तर मोजून फूटभर खाली घ्या आणि वहीत लिहा, शेवटी तेवढं मिळवायचं. असं करत इमारतीच्या जोत्यापर्यंत आलात की त्या पुरात तुमच्या पार्किंगमध्ये किती पाणी असतं ते समोर दिसतं. लोक बघतात, विचारतात, बघू द्या. त्यातूनच एखादा "अहो, त्या साली तर..." म्हणून आणखी एक खूण देतो.

एक खबरदारी. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं, वांगणीकडून कल्याणकडे उतरत असतं. म्हणून खूण शक्यतो इमारतीच्या वरच्या अंगाची, म्हणजे वांगणीच्या बाजूची घ्या. खालच्या अंगाची खूण वर नेलीत तर धोका कमी दिसेल. पुराच्या बातमीतले आकडेही असेच जागेला बांधलेले असतात. बदलापूर बॅरेजला इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर, खाली कल्याणजवळच्या मोहनेला हेच आकडे ९ आणि १०.

पाणी येतं कुठून, हेही समजून घ्या. उल्हास राजमाचीच्या डोंगरातून निघते. बदलापूरला येणारं पाणी कर्जत-नेरळचं आणि घाटाचं. गच्चीत ऊन पडलं असलं तरी नदी चढू शकते, म्हणून पाऊस कर्जतचा बघायचा. बदलापुरात पूर आला की सगळे बारवी धरणाला शिव्या घालतात. पण बारवी उल्हासला मिळते ती बदलापूर ओलांडल्यावर, खाली जांभूळच्या बाजूला. तिची काळजी मोहने-शहाडवाल्यांनी करावी. आणि कल्याणच्या खाडीकाठी फ्लॅट बघत असाल तर भरतीचं वेळापत्रकही हवं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी मुंबईत ४.४८ मीटरची भरती होती. उधाण असलं की नदीचं पाणी खाडीत शिरायला जागाच उरत नाही.

मग कागद. पालिकेतून सर्व्हे नंबरप्रमाणे झोन दाखला काढा आणि विकास आराखड्यावर पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. इथे लोक फसतात. '१०० वर्षांतून एकदा' म्हणजे '२००५ला येऊन गेला, आता २१०५ला' असं नव्हे. दरवर्षी १ टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ. ३० वर्षांचं कर्ज धरलं तर तेवढ्या काळात लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के होते, आणि निळ्या रेषेचा ७० टक्के. मी निळ्या रेषेच्या आत फुकट दिलं तरी घेऊ नये म्हणतो.

हा हिशेबही जुन्या पावसावर मांडलेला असतो. पुढे अतिवृष्टी वाढणार असंच हवामानवाले सांगतात, आणि काठाने भराव तर रोज पडतोय. भरावाने एकाचा प्लॉट उंच होतो, पाणी शेजाऱ्याकडे जातं. म्हणून २००५च्या खुणेवर मी आणखी मीटरभर धरतो. हे माझं ठोकताळ्याचं माप, नियम नाही.

"आपण चौथ्या मजल्यावर, आपल्याला काय?" असं भाचा म्हणालाच. त्याला लिफ्टचा खड्डा, पाण्याची भूमिगत टाकी आणि मीटरची खोली दाखवली. तिन्ही तळाशी. आणि बाहेर पडायचा रस्ता? २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून जास्त प्रवाशांसकट पाण्यात अडकली होती. मुरबाडकडे जाणारा रायत्याचा पूलही मोठ्या पुरात बंद होतो. तेव्हा इमारतीपासून स्टेशनपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत चालत जा, वाटेतला सर्वात खोलगट भाग कुठला ते बघा.

घेणार असालच तर मीटर पहिल्या मजल्यावर नेता येतील का, हे ताबा घेण्याआधी लेखी विचारा. गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर पुरात काही मिळत नाही, आणि इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान हवं असेल तर त्याचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.