सुटलेले सॉफ्ट कोरल खडकावर पुन्हा बसवताना

समुद्री मत्स्यालयातले सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ अंगाचे प्रवाळ, खडकावरून सुटले की बहुतेकांचा हात आधी सुपरग्लूकडे जातो आणि बहुधा तिथेच काम फसते. या कोरलांना सलग, कठीण सांगाडा नसतो. त्यांचा बुंधा मांसल असतो आणि धक्का लागताच तो बुळबुळीत स्राव सोडू लागतो. ग्लू त्या स्रावावर वाळतो, कोरल आकसून त्यातून निसटते आणि खडकावर ग्लूचा पापुद्रा तेवढा उरतो. खडकाला धरणारी नवी ऊती कोरलनेच वाढवायची असते. तोवर ते जागचे हलू नये, एवढीच व्यवस्था आपण करायची.

बांधण्याआधी ते का सुटले हे पाहावे. वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा) झोत थेट अंगावर येत असेल किंवा मोठ्या गोगलगाई आणि हर्मिट क्रॅब त्याला ढकलत असतील, तर जागा बदलली की प्रश्न सुटतो. मात्र बुंधाच सडला असेल, तर त्याला बांधण्यात काही अर्थ नाही. कोरल उलटे करून पाहावे: निरोगी बुंधा घट्ट आणि एकसारख्या रंगाचा असतो, तर सडलेला भाग काळपट, लिबलिबीत असून त्याला उग्र दुर्गंधी येते. असा भाग धारदार, स्वच्छ पात्याने निरोगी मांसापर्यंत कापून टाकावा, टाकीच्याच पाण्यात आयोडीनयुक्त कोरल डिप (कोरल बुडवण्याचे जंतुनाशक औषध) लेबलवरील प्रमाणात मिसळून त्यात कोरल बुडवावे आणि जखम आवळेपर्यंत एक-दोन दिवस शांत पाण्यात ठेवावे. हे सारे हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. झोअँथिड, म्हणजे बटणांसारखे दिसणारे कोरलांचे नातलग, हाताळत असाल तर याला पर्यायच नाही, कारण त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते.

छत्रीच्या आकाराच्या टोडस्टूलसारख्या, जाड बुंध्याच्या लेदर कोरलसाठी (चामड्यासारख्या अंगाच्या सॉफ्ट कोरलसाठी) टूथपिकची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. बुंध्यापेक्षा थोडा रुंद आणि खरखरीत खडकाचा तुकडा निवडावा. बिनरंगी, बिनवासाची लाकडी टूथपिक बुंध्याच्या तळापासून थोडी वर, आडवी आरपार घालावी, म्हणजे तिची दोन्ही टोके बाहेर डोकावतील. मग रबरबँड एका टोकावर अडकवून खडकाच्या खालून दुसऱ्या टोकावर आणावा. ताण असा टूथपिकवर येतो, मांसावर नाही. रबरबँड किंवा तंगूस थेट बुंध्याभोवती आवळली, तर ती हळूहळू मांस कापत आत शिरते आणि कोरल पुन्हा मोकळे होते. बुंधा खडकाला नुसता टेकलेला असावा, चेपलेला नसावा.

हा तुकडा मंद प्रवाहात आणि मूळ जागेपेक्षा थोड्या कमी प्रकाशात ठेवावा. पाणी अगदी साचलेलेही नको, कारण लेदर कोरल अशा धक्क्यानंतर मिटून मेणासारखी साल टाकते आणि ती वाहून जावी लागते. काही दिवस ते मिटलेले राहिले म्हणून त्याला पुन्हा पुन्हा हात लावू नये. कापलेले लेदर पाण्यात विषारी द्रव्येही सोडते, म्हणून फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालावा. साधारण दोन-तीन आठवड्यांत बुंध्याची कड खडकावर पसरलेली दिसली, की रबरबँड कापावा आणि टूथपिक अलगद ओढून काढावी. ती सहज येत नसेल तर टोके छाटून उरलेली तशीच सोडावी. त्यानंतर तो तुकडा मोठ्या खडकावर सुपरग्लू जेल किंवा एपॉक्सीने बसवता येतो. दगडाला दगड चिकटवायला ग्लू उत्तम.

मशरूम कोरल चपट्या चकतीसारखे असते, त्याला बांधताच येत नाही. त्याला खडकाच्या बारीक खड्यांसह उथळ वाटीत ठेवून वर जाळीदार कापड ताणून बसवावे. ते एखाद्या खड्याला आपोआप धरते. झीनिया या सॉफ्ट कोरलच्या नाजूक देठालाही सैल जाळी पुरते. मशरूम पुन्हा सुटले, तर बहुधा त्याला तिथला प्रकाश किंवा प्रवाह मानवलेला नसतो. अशा वेळी त्याला त्याच जागी पुन्हा न बसवता अधिक सावलीची, शांत जागा द्यावी.